पोपने बांधलेला धबधबा

आनिएने ही मध्य इटलीतील नदी रोमच्या पूर्वेला सिंब्रुइनी डोंगरांत उगम पावते, तिवोली गावापाशी कड्यावरून खाली उडी घेते आणि रोमच्या उत्तर अंगाला टायबरला जाऊन मिळते. लांबी सुमारे ९९ किलोमीटर. शंभराला एक कमी पडल्याची खंत तिने कधी दाखवलेली नाही. पो किंवा आर्नो या नद्यांसारखा तिचा बोलबाला नाही. पण तिच्या काठी एका सम्राटाने तळी बांधली, दुसऱ्याने अख्खे गाव मावेल एवढे घर बांधले, एका संताने गुहा धरली, एका कार्डिनलने उतारावर पन्नासेक कारंजी उडवली आणि एका पोपने धबधबा बांधला. शेवटच्या क्रियापदात मुद्रणदोष नाही. या खोऱ्यात निसर्ग म्हणून जे दाखवले जाते ते पुष्कळदा माणसाने केलेले असते, आणि माणसाची करामत म्हणून जे दाखवले जाते ते निसर्गच चालवत असतो. कुठे कोणाला दाद द्यायची, याचा घोळ पाहुण्यांच्या मनात कायम राहतो.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे म्हणतात. आनिएनेच्या वरच्या खोऱ्यात हे दोन्ही अपराध एका दिवसात उरकता येतात. ऋषी पुढे येईल, आधी मूळ. सिंब्रुइनी हे नाव ‘पावसाखालचे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले असे मानतात. डोंगर चुनखडीचे. चुनखडी पाणी अंगावर ठेवत नाही, गिळून टाकते. वर पडलेला पाऊस भेगांतून आत जातो आणि पायथ्याशी झरे होऊन बाहेर येतो, थंडगार आणि गाळलेला. रोमनांना ही म्हण ठाऊक नसल्याने ते थेट मुळाशी गेले. प्राचीन रोमला पाणी पुरवणाऱ्या अकरा जलवाहिन्यांपैकी चार याच खोऱ्यातून निघाल्या: इ.स.पू. २७२ मध्ये काम सुरू झालेली आनिओ वेतुस, इ.स.पू. १४४ मध्ये हाती घेतलेली आक्वा मार्चा, आणि इ.स. ५२ मध्ये पुऱ्या झालेल्या आक्वा क्लाउदिया व आनिओ नोवुस. मार्चाची लांबी सुमारे ९१ किलोमीटर, त्यातला बहुतेक भाग जमिनीखालून. नदी वळसे घेत आरामात येत असताना तिचेच पाणी चांगल्या रस्त्याने पुढे निघून गेलेले असे.

इ.स. ९७ मध्ये सेक्स्तुस युलिउस फ्रोंटिनुस या ज्येष्ठ सेनानीकडे रोमचे पाणीखाते आले. नेमणूक होताच त्याने एक असाधारण गोष्ट केली. खात्याचा अभ्यास केला. शिवाय त्यावर पुस्तकही लिहिले, आणि ते आजही उपलब्ध आहे. दप्तरात लिहिलेले पाणी आणि प्रत्यक्ष मोजलेले पाणी यांचा मेळ बसेना, तेव्हा तो शोधाला लागला. ‘पाणी कुठेतरी मुरते आहे’ हा इतरांसाठी वाक्प्रचार असेल. फ्रोंटिनुससाठी तो कार्यालयीन अहवाल होता. वाटेवरचे शेतकरी कालवे फोडून मळे भिजवत होते. शहरात रस्त्यांखालून चोरनळ पसरले होते आणि ठिकठिकाणी मुख्य नळाला भोके पाडून दुकानांना, गुत्त्यांना जोडण्या दिल्या होत्या. एखाद्या जोडणीचा मालक बदलला की पाणीखात्याचे लोक नव्या मालकासाठी हौदाला नवे भोक पाडत आणि जुने भोक विक्रीसाठी राखून ठेवत. फ्रोंटिनुसने हे नळ उपटले, तेव्हा त्यांतून भरपूर शिसे हाती आले. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर नगरपालिकेच्या कोणत्याही पाणीपुरवठा अभियंत्यापुढे ठेवला तर तो तारीख न पाहता सही करील.

याच फ्रोंटिनुसने पाण्याची प्रतवारीही ठरवली. मार्चाचे पाणी उत्तम, ते पिण्यासाठी. आनिओ वेतुस गढूळ, ते बागा शिंपायला आणि हलक्यासलक्या कामांना. मार्चाची थोरवी पुढेही टिकली. तिचेच झरे नव्याने बांधून पोप नवव्या पायसने १० सप्टेंबर १८७० रोजी रोममध्ये पाणी सोडले आणि योजनेला आपले नाव दिले. दहा दिवसांनी इटलीच्या फौजा शहरात शिरल्या आणि पोपचे राज्य संपले. पाणी मात्र चालू राहिले.

उगमाकडून खाली येताना पहिले मोठे गाव सुबियाको. नावाचा अर्थ ‘तळ्याखालचे’. तळी मात्र आता नाहीत. ती सम्राट नीरोची होती. त्याने इथे नदीला बांध घालून तळी केली आणि काठाने प्रासाद उठवला. त्यातला सर्वांत मोठा बांध सुमारे ४० मीटर उंच होता असे मानतात. रोमन साम्राज्यात याहून उंच धरण सापडलेले नाही. हेतू सिंचनाचा नव्हता, देखाव्याचा होता. बागेत तळे असावे, ही हौस अनेकांना असते. नीरोने तळ्यासाठी नदी घेतली.

या प्रासादात इ.स. ६० मध्ये घडलेला प्रसंग इतिहासकार टॅसिटसने नोंदवला आहे. नीरो जेवायला बसला असताना वीज पडली आणि जेवणाच्या मेजावरच पडली. नीरो वाचला, मेज वाचले नाही. लोकांनी याचा अर्थ असा लावला की आता सम्राट बदलणार, आणि पुढचा सम्राट म्हणून रुबेल्लिउस प्लाउतुस या सरदाराकडे बोटे वळली, कारण त्याच्या वडिलांचे घराणे याच टापूतले होते. वीज आकाशातून पडली आणि भाजला प्लाउतुस: नीरोने त्याला सविनय पत्र लिहून आशियातल्या जमिनी पाहायला जाण्याचा सल्ला दिला, आणि दोन वर्षांनी तिथेच त्याचा काटा काढला. त्याच सुमारास नीरो मार्चाच्या उगमात उतरून पोहलाही होता. अख्ख्या शहराच्या पिण्याच्या पाण्यात सम्राटाने अंग धुतले म्हणून लोक खवळले, आणि लगेच तो आजारी पडला तेव्हा देव जागा आहे अशी सर्वांची खात्री पटली. पाणी थंडही होते, याकडे कोणी लक्ष दिले नाही.

नीरोच्या तळ्यांना उपयोग पुढे त्राजान सम्राटाने शोधला. तळ्यात गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी निवळ राहते, हे पाहून आनिओ नोवुसचे तोंड तिथे नेण्यात आले. मोठा बांध १३०५ पर्यंत उभा होता. काठच्या संन्याशांची शेते पाण्याखाली जात असल्याने त्यांनी पातळी उतरवण्यासाठी बांधाचे काही दगड काढले आणि मग बाकीचे दगड आपणहून निघाले, असे सांगितले जाते. आज गावाजवळ सान बेनेदेत्तोचे तळे म्हणून एक लहानसे हिरवेगार कुंड आहे. उन्हाळ्यात पोरेटोरे त्यात डुंबतात, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही मेजावर वीज पडल्याचे ऐकिवात नाही.

आता ऋषी. नुर्सिया गावच्या खानदानी घरातला बेनेडिक्ट (कूळ शोधू नये, पण ते सर्वांना माहीत आहे) रोममध्ये शिकायला गेला, तिथल्या वातावरणाला विटला आणि इ.स. ५०० च्या सुमारास सुबियाकोच्या कड्यातील एका कपारीत जाऊन राहिला. तीन वर्षे. शेजारच्या मठातील रोमानुस नावाचा संन्यासी आपल्या वाट्यातली भाकरी वाचवून कड्यावरून दोरीने खाली सोडी. दोरीला घंटा बांधलेली असे, डबा आल्याचे कळावे म्हणून. सैतानाला हे बघवले नाही. त्याने दगड मारून घंटा फोडली. भाकरीला धक्का लावला नाही, यावरून सैतानालाही काही मर्यादा पाळाव्या लागतात असे दिसते.

एकदा मोहाने फारच गाठले तेव्हा बेनेडिक्टने कपडे टाकून शेजारच्या काटेरी जाळीत लोळण घेतली. पुढे सातएकशे वर्षांनी असिसीचा संत फ्रान्सिस इथे आला आणि त्याने त्या काट्यांवर गुलाबाचे कलम केले, अशी कथा आहे. कड्याला चिकटलेल्या मठात ती गुलाबाची वाफ्याएवढी बाग आजही दाखवतात. आनिएनेच्या खोऱ्यातील ही बहुधा सर्वांत लहान ऐतिहासिक बाग. हिच्यात कारंजे नाही, पुतळा नाही, आणि तिच्या पूर्वपीठिकेतला माळी रक्तबंबाळ आहे. वनस्पतिशास्त्राने या कलमाबद्दल मौन पाळले आहे.

सुबियाकोतच सांता स्कोलास्तिका मठात इटलीतला पहिला छापखाना निघाला. स्वाइनहाइम आणि पानार्त्स हे दोन जर्मन मुद्रक इथे आले. त्यांनी छापलेल्या एका ग्रंथावर ऑक्टोबर १४६५ ही तारीख आहे. नंतर ते रोमला गेले, झपाट्याने छापत सुटले, आणि १४७२ मध्ये त्यांच्या वतीने पोपकडे अर्ज गेला की घर छापील कागदांनी भरले आहे आणि खायला काही नाही. छपाईचा शोध जुना. न खपलेल्या गठ्ठ्यांचा शोधही जवळजवळ तेवढाच जुना.

सुबियाको ते तिवोली हा टप्पा लवकर आटपतो. विकोवारोच्या कड्यांत संन्याशांच्या गुहा आहेत. इथल्याच मठकऱ्यांनी बेनेडिक्टला आग्रहाने महंत करून नेले, आणि त्याची शिस्त सोसेना तेव्हा त्याच्या वाइनमध्ये विष घातले, अशी परंपरा आहे. त्याने आशीर्वादाला हात उचलताच पेला फुटला आणि तो उठून परत गुहेत गेला. जवळच लिचेन्झा नावाचा ओढा नदीला येऊन मिळतो. त्या ओढ्याच्या खोऱ्यात कवी होरेसचा मळा होता. हा मळा त्याला श्रीमंत आश्रयदाता मायकेनास याच्याकडून मिळाला आणि तिथे बसून त्याने साध्या राहणीची थोरवी गायली. ज्याला मळा फुकट मिळाला आहे त्याने साधेपणावर लिहिलेले नेहमीच पटण्यासारखे असते.

तिवोलीला नदीच्या पायाखालची जमीन संपते. गाव कड्याच्या टोकावर आहे आणि हा कडा बऱ्याच अंशी नदीनेच रचलेला. चुनखडीतून येताना पाण्यात विरघळलेला चुना पाणी उसळले, फेसाळले की बाहेर पडतो आणि थरावर थर बसून दगड होतो. आनिएनेने हजारो वर्षे खपून आधी स्वतःसाठी कडा तयार केला आणि मग त्यावरून उडी मारली. कड्याच्या काठावर इ.स.पू. पहिल्या शतकातील दोन देवळे आहेत. गोल देऊळ वेस्ताचे म्हणून ओळखले जाते. त्याच्या अठरा खांबांपैकी दहा उभे आहेत. अठराव्या शतकात फ्रेडरिक हर्वी या इंग्रज उमरावाला हे देऊळ इतके आवडले की तो ते विकत घेऊन आयर्लंडला न्यायला निघाला. परवानगी मिळाली नाही, तेव्हा त्याने घरी जाऊन समुद्राच्या कड्यावर त्याच धर्तीचे एक बांधून घेतले. तो उमराव बिशपही होता, ही आणखी एक गोष्ट.

जुना धबधबा या देवळांच्या अगदी पायाशी होता. युरोपभरचे चित्रकार येऊन तो रंगवत. पण गावाच्या मध्यात धबधबा असणे चित्रकाराला जेवढे सोयीचे तेवढे गावकऱ्याला नसते. नदी दर काही वर्षांनी पिसाळे. नोव्हेंबर १८२६ मध्ये तिने बंधारा फोडला आणि काठची घरे, एका चर्चसकट, दरीत नेली. सरकार होते पोपचे. आराखडे मागवले गेले, समित्या बसल्या, एक पोप वारला, दुसरा वारला, आणि अखेर सोळाव्या ग्रेगरीच्या कारकिर्दीत क्लेमेंते फोल्की या अभियंत्याची योजना मंजूर झाली: नदीला गावातून वाहूच द्यायचे नाही. काटिल्लो डोंगरातून शेजारी शेजारी दोन बोगदे खोदले, प्रत्येक अडीचशे मीटरहून लांब, आणि ऑक्टोबर १८३५ मध्ये पोपच्या उपस्थितीत नदी त्यांत सोडली. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून ती शंभर मीटरहून खोल दरीत कोसळली. टाळ्या झाल्या. इटलीतील मोठ्या धबधब्यांत आज ज्याची गणना होते तो हा. मार्गदर्शक पुस्तकांत तो ‘निसर्गरम्य स्थळे’ या सदरात असतो. बोगद्यांचा उल्लेख पान उलटल्यावर येतो. जुन्या चित्रांतला धबधबा शोधत येणाऱ्यांची पंचाईत होते. देऊळ सापडते, दरी सापडते, पाणी मात्र चित्रकाराने भलतीकडेच काढलेले दिसते.

उरलेल्या दरीचे काय करायचे, या प्रश्नावर ग्रेगरीने तिची बाग केली. तिचे नाव व्हिला ग्रेगोरियाना. व्हिला म्हटल्यावर बंगला शोधणाऱ्याने शोधत राहावे. इथे बंगला नाही. रोमन काळी मान्लिउस वोपिस्कुस या धनिकाचा होता, त्याच्या भिंतींचे अवशेष आहेत. बाकी सगळी उतरण. पायवाटा झाडीतून वळसे घेत दरीच्या तळाकडे जातात. तिथे नेपच्यूनची गुहा आणि जलपऱ्यांची गुहा अशी दोन भगदाडे आहेत; पाणी त्यांत गडगडत शिरते आणि कुठे जाते ते पटकन दिसत नाही. नेपच्यूनच्या गुहेपर्यंत सुखाने जाता यावे म्हणून नेपोलियनच्या काळातील फ्रेंच सेनापती मियोलिस याने खडकात भुयारी वाट कोरवली होती. परदेशी सैन्याने लोकांच्या गावात येऊन सहलीची सोय करणे, हा प्रकार इतिहासात विरळा.

या बागेत उतरताना माणसे निसर्गाविषयी बोलतात आणि चढताना गुडघ्यांविषयी. वाट एका काठाने खाली जाते, तळ गाठते आणि समोरच्या काठाने देवळांपाशी वर येते, त्यामुळे अर्ध्यावर विचार बदलला तरी चढाव चुकत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बागेची आबाळ झाली, वाटा ढासळल्या, आणि गावाच्या शेजारी खोल खड्डा असला की त्याचा जो उपयोग सर्वत्र होतो तो इथेही झाला. २००२ मध्ये इटलीतील वारसा जपणाऱ्या एफएआय या संस्थेने ती ताब्यात घेतली, कचरा वर काढला आणि २००५ मध्ये बाग पुन्हा उघडली. कचरा टाकणाऱ्यांना वरून सोडून देणे पुरेसे होते. काढणाऱ्यांना तो चढाव चढावा लागला.

नदीच्या उडीचा हिशेबी उपयोगही झाला. १८९२ मध्ये तिवोलीच्या पाण्यावर तयार झालेली वीज तारांवरून रोमला नेण्यात आली. एवढ्या लांबवर वीज वाहून नेण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. तेव्हापासून धबधब्यात किती पाणी पडावे, याविषयी निसर्गाइतकेच वीजवाल्यांचेही मत विचारात घेतले जाते.

गावाच्या दुसऱ्या बाजूला व्हिला देस्ते. इथे बंगला आहे, आणि बंगल्यामागे कार्डिनल इप्पोलितो देस्ते आहे. त्याची आई लुक्रेत्सिया बोर्जा, म्हणजे आजोबा सहावा अलेक्झांडर, म्हणजे पोप. पोपला नातू कसा, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारत नसे. इप्पोलितो दहाव्या वर्षी मिलानचा आर्चबिशप झाला. पुढे कार्डिनल. त्यानंतर एकच पायरी उरली होती आणि ती काही केल्या चढता येईना. पोपच्या निवडणुकीत त्याने पुनःपुन्हा जोर लावला, पाण्यासारखा पैसा ओतला, पण एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या कार्डिनलांच्या मेळ्यात मते जमेनात. १५५० मध्ये निवडून आलेल्या तिसऱ्या ज्युलियसने पाठिंब्याची परतफेड म्हणून त्याला तिवोलीचे राज्यपाल केले. इप्पोलितो आला. सरकारी निवासस्थान म्हणून एक जुना मठ मिळाला. मठाच्या मागे तीव्र उतार, उतारावर लोकांची घरे आणि मळे. त्याने उताराकडे पाहिले आणि ठरवले की इथे पाणी उडवायचे.

घरे घेतली गेली, पाडली गेली. लोक न्यायालयात गेले. काम चालू राहिले. रचनाकार पिर्रो लिगोरियो हा प्राचीन वस्तूंचा मोठा जाणकार होता. इतका मोठा की जुने शिलालेख सापडले नाहीत तर तो नवे रचून जुने म्हणून देई. पुढच्या पंडितांची कित्येक वर्षे ते वेगळे काढण्यात गेली. जवळच्या, सम्राट हेड्रियनच्या उजाड प्रासादात खणून त्याने पुतळे आणले आणि बागेत मांडले. पोपपदासाठी देव पाण्यात घालून बसलेल्या कार्डिनलच्या घरी खरोखरीचे रोमन देव पाण्यात बसले.

पाणी आनिएनेचे. गावाच्या पोटातून बोगदा खणून ते बागेच्या माथ्यावर आणले आणि तिथून ते स्वतःच्या वजनाने खाली धावते. हिशेब असा देतात: ५१ कारंजी, ३९८ तोट्या, ३६४ फवारे, ६४ धबधबे, २२० कुंडे आणि ८७५ मीटर पाट. पंप एकही नाही. वरच्या हौदापासून कारंजे जितके खाली तितका फवारा उंच, एवढ्या एका नियमावर साडेचारशे वर्षे कारभार चालला आहे. म्हणून या खोऱ्यातला खरा निसर्ग पाहायचा असेल तर तो व्हिला देस्तेत, दगडी गरुडांच्या आणि भुतांच्या तोंडून बाहेर पडताना दिसतो.

शंभर कारंज्यांची म्हणून जी प्रसिद्ध वाट आहे तिथल्या तोट्या मोजल्या तर जवळजवळ तीनशे भरतात. एवढ्या पाण्यात कोणी मोजत बसणार नाही असा अंदाज असावा. वाटेच्या एका टोकाला तिवोलीचे कारंजे, दुसऱ्या टोकाला रोमेत्ता, म्हणजे खेळण्यातले रोम: लांडगीण, टायबर नदी आणि नदीतल्या बेटाच्या जागी डोलकाठीऐवजी स्तंभ रोवलेली दगडी नाव. तिवोलीचे पाणी पाटांतून रोमला जाते, हा फ्रोंटिनुसचा सगळा विषय कार्डिनलने शंभरेक मीटरांत मांडून दाखवला. फक्त चोरनळ दाखवले नाहीत.

सगळ्यांत गाजले ते ऑर्गनचे कारंजे. लुक लक्लेर आणि क्लोद व्हेनार या फ्रेंच कारागिरांचे हे काम. पाणी वरून बंद कोठीत कोसळते तेव्हा सोबत हवा ओढून आणते. हवा कोंडली की ऑर्गनच्या नळ्यांतून सुटते. तेच पाणी पुढे चाक फिरवते, चाक खुंट्या मारलेले पिंप फिरवते आणि खुंट्या कळा दाबतात. वाजवणारा कोणी नाही. १५७२ च्या सप्टेंबरात पोप तेरावा ग्रेगरी बाग पाहायला आला. त्याने ऑर्गन ऐकला आणि आत कोणी माणूस लपवला आहे का याची खात्री करून घेतली, असे सांगतात. ज्या पदासाठी इप्पोलितोने आयुष्य घालवले त्या पदावरचा माणूस त्याच्याच बागेत वाकून माणूस शोधत होता. यजमानाने याच भेटीसाठी ड्रॅगनचे कारंजे घाईघाईने, एका रात्रीत, उभे केले अशीही आख्यायिका आहे, कारण ड्रॅगन हे ग्रेगरीच्या घराण्याचे चिन्ह. एका रात्रीत काय होऊ शकते आणि काय नाही, हे ज्याने घराचे बांधकाम काढले आहे तो जाणतो. त्याच वर्षी २ डिसेंबरला इप्पोलितो वारला. बागेचे काही काम अपुरेच होते.

घुबडाच्या कारंज्यात ब्राँझचे पक्षी पाण्याच्या जोरावर गात, मग घुबड वळून बघे आणि सगळे गप्प होत. घुबड गेले की पुन्हा सुरू. सोळाव्या शतकातल्या दरबाऱ्यांना यात गंमत का वाटली, ते वेगळे सांगायला नको. शिवाय पायऱ्यांत, बाकांजवळ लपवलेल्या तोट्या होत्या. पाहुणा रेशमी पोशाखात विसावला की खालून पिचकारी. अतिथीने हसायचे असा संकेत होता. फ्रेंच लेखक मोंतेन १५८१ मध्ये येऊन गेला. त्याने ऑर्गन, घुबड आणि कारंजी पाहिली आणि प्रवासाच्या दैनंदिनीत ती टिपून ठेवली. एफिससच्या डायानाचा, म्हणजे निसर्गदेवीचा, पुतळा आधी ऑर्गनपाशी होता. तिच्या अनेक स्तनांतून पाण्याच्या धारा उडत. सतराव्या शतकात तिला बागेच्या अगदी तळाशी नेण्यात आले, आणि ती तिथेच आहे. निसर्गाला खालच्या अंगाला, भिंतीजवळ जागा मिळाली.

कडा ज्या चुन्याने घडवला तोच चुना बागेच्या मुळावर उठला. ज्यांच्या घरी बोअरचे पाणी येते त्यांना अधिक सांगायची गरज नाही. गिझर चोंदतो तसा ऑर्गन चोंदला, तोट्या बुजल्या, दगडी चेहऱ्यांवर पुटे चढून नाकडोळे गेले. वारसदारांकडे बाग सांभाळायला पैसा उरला नाही, पुतळे विकले गेले, आणि बागेत शेवाळ व झाडोरा यांनी आपला अंमल बसवला. गंमत अशी की लोकांना ती तेव्हाच अधिक आवडू लागली. चित्रकार फ्रागोनारने १७६० च्या सुमारास ती दाट, अंधारी, मोडकळीस आलेली अशी रंगवली. संगीतकार फ्रांत्स लिस्ट १८६० च्या दशकापासून कार्डिनल होहेनलोहेचा पाहुणा म्हणून इथे वरच्या मजल्यावर राहायला येई. त्याने १८७७ मध्ये इथल्या पाण्यावर आणि सुरूंवर पियानोचे तुकडे रचले. खरा ऑर्गन मुका असताना कारंज्यांना त्याने बाहेरून आवाज दिला. ऑर्गन दुरुस्त होऊन पुन्हा वाजू लागला तो २००३ मध्ये. आता तो वेळापत्रकाप्रमाणे वाजतो, आणि प्रवासी मोबाइल उंच धरून तोंडाने काही न बोलता उभे राहतात. घुबडाची जागा त्या पडद्याने घेतली आहे. सर्वाधिक फोटो नेपच्यूनच्या कारंज्याचे निघतात. ते विसाव्या शतकातले आहे.

तिवोलीच्या खाली सपाटीवर सम्राट हेड्रियनचा प्रासाद पसरला आहे, सुमारे १२० हेक्टरांत. पॉम्पेई हे शहर याच्या निम्म्याहून थोडे मोठे भरेल. हेड्रियन प्रवासी माणूस. साम्राज्यात पाहिलेली ठिकाणे त्याने घरी आणली, निदान त्यांची नावे तरी: अथेन्सची अकादमी, इजिप्तचे कानोपुस, थेसलीची टेम्पे दरी, आणि एका प्राचीन चरित्रानुसार पाताळसुद्धा. परदेशाहून आल्यावर लोक फ्रिजवर चुंबक लावतात, त्याची ही शाही आवृत्ती. कानोपुस म्हणजे सुमारे १२० मीटर लांबीचा हौद, काठाला पुतळ्यांची रांग. सागरी रंगमंच नावाची जागा त्याहून मजेची: तिथे ना सागर, ना रंगमंच. भोवती गोल खंदक, मध्ये बेट, बेटावर एका माणसाला पुरेल असे सर्व सोयींचे छोटे घर, आणि खंदकावर हलवता येणारे लाकडी पूल. सगळे जग ज्याच्या ताब्यात होते त्याला दार आतून बंद करता यावे म्हणून एवढा खटाटोप करावा लागला. नोकरांसाठी आणि गाड्यांसाठी जमिनीखालून रस्ते होते, म्हणजे वरच्या बागांत शांतता आपोआप नांदत असे. पाणी अर्थातच वरून जाणाऱ्या जलवाहिन्यांचे. हेड्रियनला भोके पाडावी लागली नसावीत.

इथून पुढे नदीला वास येऊ लागतो. दोष तिचा नाही. बान्यी दी तिवोली येथे गंधकाचे झरे आहेत, सुमारे २३ अंश सेल्सियसचे, पांढुरके आणि सडक्या अंड्याच्या वासाचे. सम्राट ऑगस्टस नसांच्या दुखण्यासाठी हे पाणी वापरी. चरित्रकार स्वेतोनिउस सांगतो की तो एका लाकडी बाकावर बसून हात आणि पाय आळीपाळीने पाण्यात बुडवी आणि त्या बाकाला त्याने एक स्पॅनिश नाव ठेवले होते. याच झऱ्यांच्या चुन्यातून ट्रॅव्हर्टाइनचा दगड तयार झाला. नावाचा मूळ अर्थ ‘तिवोलीचा’. कोलोसियमला तो सुमारे एक लाख घनमीटर लागला, आणि लॉस एंजेलिसच्या गेटी सेंटरसाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस इथून १६,००० टन गेला. खाणी अजून चालू आहेत. सरळ कापलेल्या भिंती, तळाशी हिरवट पाणी, वर कबुतरे: दुरून पाहणाऱ्याला ती एखादी नैसर्गिक घळ वाटते आणि तो गाडी थांबवून फोटो काढतो.

रोमच्या वेशीवर आनिएने सपाट, गढूळ आणि निमूट होते. फ्रोंटिनुसने बागांपुरते ठरवले होते ते पाणी आता पुलांखालून, वस्त्यांच्या मागून, वेलीत अडकलेल्या प्लास्टिकला वळसा घालत जाते. सालारिओ पुलाच्या पुढे ती टायबरला मिळते. इथे तिकीट नाही आणि ऑर्गनही नाही. उगमाशी जे पाणी मार्चाच्या नळात शिरून पुढे गेले होते, ते एव्हाना शहरातल्या स्वयंपाकघरांतून आणि न्हाणीघरांतून फिरून, नाना वाटांनी टायबरमध्येच येऊन पडलेले असते. दोघांची गाठ तिथे पडते.